चुकांची चोपडी

अब्बांच्या किराणा दुकानात रोजकीर्द असे. आकडा चुकला तर ते पुसत नसत. एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहीत आणि कारणही : 'तेलाचे दोन डबे धरायचे राहिले.' डोनाल्ड कनूथ यांचा एक जुना लेख वाचताना मला ती चोपडी आठवली.

1977 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले हे संगणकतज्ज्ञ आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहून नाराज झाले. खिळ्यांची छपाई जाऊन नवं तंत्र आलं होतं आणि अक्षरांची रया गेली होती. मग त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. त्याचं नाव टेक. मार्च 1978 पासून त्यातल्या चुका आणि बदल ते टिपून ठेवू लागले. 1989 मध्ये टेकमधल्या चुकांवरच त्यांनी दीर्घ लेख छापला आणि साडेआठशेहून अधिक नोंदींची यादी सोबत जोडली. प्रत्येक नोंदीपुढे चुकीचा प्रकार सांगणारं एक अक्षर. असे पंधरा प्रकार. कुठे मूळ रीतच चुकलेली, कुठे काही करायचं विसरलेलं, कुठे नुसती टायपिंगची चूक. एवढ्या नावाजलेल्या माणसाने 'इथे मी घोडचूक केली' असं चारचौघांत मांडायचं, हे आपल्याकडे सहसा घडत नाही.

2005 मध्ये गिट आलं. कोणती ओळ कोणी, कधी बदलली हे आता यंत्रच सांगतं. पण ती का बदलली आणि वापरणाऱ्याचं त्याने काय होणार, हे माणसानेच लिहावं लागतं.

मी ते लिहिलं नव्हतं. पूर्वीच्या नोकरीत पगाराच्या सॉफ्टवेअरच्या बदलनोंदीत मी 'किरकोळ दुरुस्त्या' एवढंच टाकलं. प्रत्यक्षात रजा मोजण्याची रीत बदलली होती. महिनाअखेरीस सफाई कामगारांचे पैसे कापले गेले. कारण शोधायला तीन आठवडे लागले, कारण त्या दोन शब्दांवर कोणाला संशयच आला नाही. एका मावशींनी तोवर उसने पैसे घेऊन मुलाची फी भरली होती.

पैसे परत मिळाले. मी ती जुनी ओळ तशीच ठेवली आणि तिच्याखाली काय बदललं, का बदललं, कोणाचं नुकसान झालं ते तारखेसह लिहिलं. चार ओळी झाल्या.