तिसऱ्या : मत्स्यालयातील मरतूक

खाडीच्या वाळूत पुरून राहणारे, दोन शिंपांचे मृदुकाय प्राणी. कोकणच्या खाड्यांत मेरेट्रिक्स, पॅफिया, कॅटेलायसिया या वंशांतल्या तिसऱ्या मिळतात. उदाहरणार्थ, राजापूर शहरात अर्जुना आणि कोदवली या नद्या मिळतात. तिथून जैतापूरच्या अंगाला समुद्र गाठेपर्यंत पाणी गोड्याचे मचूळ आणि मचूळचे खारे होत जाते. अशा पाण्यात तगणारा जीव घरच्या खाऱ्या टाकीत सहज जगेल असे वाटते, पण तो तिथे बहुधा दगावतो. कारण शोधताना आधी बघावे ते हे, की टाकीत सोडल्यावर किती दिवसांनी मरण आले.

दोन-चार दिवसांत मेल्यास दोष प्रवासाचा किंवा पाण्याचा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात अर्जुनेला पूर येऊन राजापूरच्या जवाहर चौकात पाणी शिरते, तेव्हा खाडीच्या वरच्या भागातला खारटपणा जवळजवळ उरतच नाही. तिसरी तेव्हा शिंपा घट्ट मिटून काही दिवस काढते, भरतीचे खारे पाणी आले की पुन्हा उघडते. टाकीत ही सुटका नसते. म्हणून नव्या तिसऱ्या थेट टाकीत न टाकता, आणलेल्या पाण्यात टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळत न्यावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि तांबे हे दोन्ही घातक आहेत. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या पुष्कळ औषधांत तांबे असते. मासा बरा होतो आणि तिसऱ्या जातात. तांब्या-पितळेच्या भांड्यात मीठपाणी कालवणेही टाळावे.

काही आठवड्यांनी एकेक करून मरू लागल्या, आणि पाण्याची तपासणी निर्दोष निघाली, तर ती उपासमार समजावी. हेच सर्वांत जास्त घडते आणि हेच सर्वांत कमी ओळखले जाते. तिसरी कल्ल्यांनीच श्वास घेते आणि कल्ल्यांनीच पाण्यातले सूक्ष्म शैवाल गाळून खाते. उत्तम गाळणयंत्र लावलेल्या टाकीचे नितळ पाणी तिच्या दृष्टीने रिकामे ताट असते. माशांच्या खाद्याचे कण तिला पुरत नाहीत. नॅनोक्लोरोप्सिस, आयसोक्रायसिस यांसारखे जिवंत शैवाल नियमित द्यावे लागते. ते जमणार नसेल तर तिसऱ्या पाळू नयेत.

मरणाची चाहूल आधी लागते. निरोगी तिसरी वाळूत रुतलेली असते आणि तिच्या दोन नळ्यांची टोके तेवढी वर दिसतात. बोट नुसते जवळ नेले तरी ती नळ्या आत ओढते. वाळूवर येऊन आडवी पडलेली, स्पर्शानंतर सावकाश मिटणारी तिसरी संकटात आहे. शिंपांच्या बिजागरीतला लवचीक बंध त्यांना सतत उघडायला बघतो. मिटून धरण्याचे काम जिवंत स्नायूंचे. स्नायू सुटले की शिंपा आ वासतात. बाजारात उघडी तिसरी टिचकी मारूनही मिटली नाही तर ती घेत नाहीत, ते यामुळेच. मात्र चिखलाने गच्च भरलेली मेलेली शिंप मिटलेलीच राहू शकते. ती हातात घेऊन हुंगावी.

मेलेली तिसरी तासाभराचाही उशीर न करता काढावी. तिचे मांस कुजून अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो आणि शेजारच्या दगावतात. लहान टाकीत एका मरणाचे दहा होतात. मेमध्ये पाणी तापते तेव्हा धोका अधिक, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी निम्मे पाणी बदलावे आणि हवेचा पंप वाढवावा.

प्रवाळ-टाकीतल्या ट्रायडॅक्ना या राक्षसी शिंपल्यांना हे निदान जसेच्या तसे लागू नाही. त्यांच्या मांसल कडेत शैवाल राहते आणि प्रकाशात अन्न तयार करून त्यांना पुरवते, म्हणून त्यांच्या बाबतीत मंद दिव्यावर पहिला संशय घ्यावा. ट्रायडॅक्ना मॅक्झिमा आणि ट्रायडॅक्ना स्क्वामोसा या जाती भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. त्या समुद्रातून काढणे गुन्हा ठरतो.