दुधाकडून भाकरीकडे

मांजरा नदी गोदावरीला मिळण्यापूर्वी ज्या मुलखातून वाहते त्या नांदेड जिल्ह्यातील बिलोलीच्या परिसरात मराठी आणि तेलुगू यांची सरमिसळ जुनी आहे, आणि १९४८ पर्यंत हा सगळा प्रदेश निजामाच्या संस्थानात मोडत असल्यामुळे मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांचा, म्हणजे एका ठिकाणी उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या श्रद्धावंतांच्या समाजांचा, इतिहास पाहताना पश्चिमेला अहमदनगर-जालन्याकडे आणि पूर्वेला निजामाबाद-मेदककडे अशी दुहेरी नजर ठेवावी लागते. या दोन्ही बाजूंना मिशनऱ्यांना आणि त्यांच्या हाताखालील उपदेशकांना एकच प्रश्न सतत भेडसावत होता: बाप्तिस्मा, म्हणजे जलाने होणारा प्रवेशसंस्कार, घेतलेला माणूस श्रद्धेत वाढला हे कशावरून ओळखायचे, आणि ते ठरवायचे कोणी?

ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘तारण’ म्हणजे पापातून झालेली सुटका आणि ‘पवित्रीकरण’ म्हणजे त्यानंतर आयुष्यभर चालणारी आंतरिक शुद्धी, असा भेद करतात. करिंथ येथील मंडळीला लिहिताना प्रेषित पौलाने नवख्यांना दूध पाजावे लागते, जड अन्न त्यांना पचत नाही, असा दाखला दिला आहे. ज्वारीच्या भाकरीवर वाढणाऱ्या प्रदेशाला तो समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नसावी. अडचण होती ती बाळाने भाकर कधी मागावी याची.

पश्चिम भारतात हा प्रश्न गाजला तो धर्मपीठापुढे नव्हे, तर न्यायासनापुढे. १८४३ मध्ये मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतील नारायण शेषाद्री या देशस्थ ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागोमाग मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतल्यावर न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी अज्ञान मुलाचा ताबा पित्याकडेच राहिला पाहिजे असे ठरवले. पुढे श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर ब्राह्मणवर्गात मोठे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याची बाजू घेतली. मुलाची श्रद्धा कितपत पक्व होती याची चौकशी त्या गदारोळात जवळजवळ झालीच नाही. कायद्याने वय मोजले आणि शास्त्रीमंडळींनी विटाळ मोजला.

थोरला भाऊ मात्र १८५४ मध्ये दीक्षित पाळक झाला, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू म्हणून त्याची विधिपूर्वक नेमणूक झाली, आणि १८६० नंतरच्या दशकात त्याने जालन्यात काम उभारले. तिथे बाप्तिस्मा घेणाऱ्यांत मांग समाजातील कुटुंबे बहुसंख्य होती. गावगाड्यातले बलुते हाच ज्यांचा आधार, त्यांना धर्मांतरानंतर गावाशी बिघाड परवडणारा नव्हता; त्यातच धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये म्हणून ब्रिटिश मुलखात १८५० साली झालेला कायदा निजामाच्या राज्याला लागू नव्हता. नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत स्थापली; हा हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ ‘देवाचे घर’ असा होतो. येथे प्रौढतेचा निकष बदलला. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे तोंडपाठ असणे एवढ्यावर भागेना, स्वतःच्या शेतावर उभे राहणे हेही श्रद्धेच्या वाढीचे लक्षण ठरू लागले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत पागोटे घालून बोललेल्या या पाळकाची दृष्टी मोठी होती यात शंका नाही, परंतु स्वावलंबन शिकवणारी वसाहतच एका व्यक्तीच्या वजनावर उभी असावी, हा तिच्यातला अंतर्विरोध होता आणि १८९१ मध्ये त्यांच्या निधनानंतर तो झाकणे कठीण होते.

पूर्वेकडील तेलुगू पट्ट्यात वेस्लियन मेथडिस्टांनी वेगळा वारसा आणला होता. या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या इंग्लंडमध्ये १७४२ पासून सुमारे बारा-बारा जणांचे गट असत. गटप्रमुख दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी घेई आणि तुझ्या आत्म्याची प्रकृती कशी आहे अशी विचारपूस करी. वर्गणीच्या निमित्ताने झालेली ही सोय पुढे आत्मपरीक्षणाची शिस्त बनली, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. मेदकचे प्रचंड चर्च १९२४ च्या नाताळात खुले झाले आणि पाहणाऱ्याचे लक्ष त्याच्या उंचीकडेच जाते, पण मेथडिस्ट परंपरेची खरी ताकद असल्या लहान बैठकांत होती.

मराठी बाजूने या वाढीला जे वळण दिले ते गाण्याचे होते, आणि त्याचे मूळ गोव्यात सापडते. थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातील इंग्रज धर्मगुरूच्या, १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी असा प्रसंग आहे की, साष्टीतल्या एका चर्चमध्ये मुलांना धर्माची मूलतत्त्वे शिकवली जात असताना एक ब्राह्मण पुढे येतो आणि जुनी पुराणे बंद केलीत तर त्यांच्या जागी वाचायला दुसरे पुराण द्या, अशी मागणी करतो. मागणी शिष्याची आहे, गुरूची नव्हे, आणि तीत तक्रारही आहे. बाळाने भाकर मागितली ती अशी. अडीचशे वर्षांनी अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, त्यात पूर्वरंगात एखाद्या पदावर निरूपण आणि उत्तररंगात बायबलमधील आख्यान अशी नेहमीचीच मांडणी होती. निरक्षर श्रोत्याला ती छापील प्रश्नोत्तरावलीपेक्षा अधिक पुढे नेत असे, कारण टाळ धरणारा माणूस नुसता ऐकणारा राहत नाही.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे शिष्य सामावले जावेत अशी त्यांची कल्पना होती. ज्या उंबरठ्यावरून मिशने माणसाची इयत्ता ठरवत आली, तो उंबरठाच त्यांनी गौण मानला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मात्र पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सोवळे-ओवळे आणि जात एकेक पायरीने सोडत पाच वर्षे घेतली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले, पण १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा जेमतेम अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले.