चौलाचें बंदर आणि कोर्लईचे ख्रिस्तजन

आमच्या खानदेशास समुद्र नाहीं. तापीचें पाणी सुरतेजवळ सागरास मिळतें, आणि आमचा कापूस मुंबईस जातो. एवढाच काय तो बंदरांशीं आमचा संबंध. तरीहि ज्युबिलीच्या या अंकांत आम्ही एका बंदराची हकीकत देत आहों. ज्या अहमदनगरच्या निजामशाहीचें चौल हें समुद्रद्वार होतें, तें नगर (आतांचें अहिल्यानगर) आणि आमचीं धुळें-जळगांव हीं सर्व १९८७ पासून एकाच नाशिक धर्मप्रांतांत आहेत.

कुंडलिका नदीच्या मुखाशीं उत्तरेस चौल व रेवदंडा, आणि दक्षिणेकडून समुद्रांत शिरलेला कोर्लईचा डोंगर. त्याच्या आडोशास गलबतें नांगर टाकीत. दहाव्या शतकांत अरब प्रवासी मसूदी येथें आला. पंधराव्यांत रशियन व्यापारी निकितीन येथें उतरून जुन्नरास गेला. अरबी घोडे येथूनच देशावर चढत. असें बंदर कोणास नको असेल? १५०८ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा याच ठिकाणीं ईजिप्तच्या व दीवच्या आरमाराशीं लढतां लढतां पडला. १५२१ मध्यें निजामशहाच्या परवानगीनें पोर्तुगीजांनीं रेवदंड्यास किल्ला बांधावयास घेतला; पुढें १५७०-७१ मध्यें त्याच घराण्यानें त्यास महिनोन् महिने वेढा दिला, पण तो व्यर्थ गेला. १५९४ मध्यें कोर्लईवरील निजामशाही कोटहि पोर्तुगीजांनीं जिंकला. रेवदंड्याच्या तटाआंत मठ व मंदिरें उभीं राहिलीं; फ्रान्सिस्कनांच्या मनोऱ्यास गांवकरी सातखणी म्हणतात.

तोफांच्या छायेंत वाढलेल्या धर्माविषयीं पुष्कळ लोक साशंक असतात, आणि ती शंका अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु १७३९ त वसई पडली, १७४० त चौल व कोर्लई मराठ्यांच्या हातीं गेलीं, तेव्हां खरी कसोटी लागली. पोर्तुगीज गेले, खाडींत गाळ सांचला, मुंबईपुढें चौलाचा व्यापार ओसरला. डोंगराच्या पायथ्याचे गरीब ख्रिस्तजन मात्र राजाश्रयावांचून तेथेंच राहिले. त्यांची बोली मोठी चमत्कारिक आहे: शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी. तिला ते ‘आपली भाषा’ अशाच अर्थाच्या नांवानें ओळखतात. कोणत्याहि सरकारानें ती शिकविली नाहीं. घरींच ती एका पिढीनें दुसरीस दिली.

रेवदंड्याच्या मठांचे आज भग्नावशेष उरले आहेत. खाडीपलीकडे कोर्लईंत प्रार्थना अजून चालू आहे.