शांघायची लाजरी मुले

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण आपण मुलांना फार लवकर लावतो. आणि एका मुलावर न थांबता साऱ्या समाजाला लावतो. अमक्यांची मुले मुखदुर्बळ, तमक्यांची धीट! आम्ही कामगार चळवळीत वाढलो. पुस्तके वाचली ती पुढे, रात्री जागून. ‘त्या भागातला मजूर जात्याच निमूट’ हे वाक्य आम्ही मालकवर्गाच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की, त्याची झडती घेणे भागच होते. त्या कामी शांघाय शहराचा इतिहास उपयोगी पडतो.

शिन्यिन चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली शांघाय आणि कॅनडा येथील शाळकरी मुलांची तुलना प्रसिद्ध केली. लाजरे, हळवे मूल कॅनडात सवंगड्यांत मागे पडे; शांघायात ते हवेसे वाटे. चिनी घरांत ‘ग्वाय’, म्हणजे शहाण्या, ऐकणाऱ्या मुलाचे कौतुक जुनेच. येथेच थांबलो असतो तर म्हण खरी ठरली असती.

परंतु याच संशोधकांनी शांघायच्या शाळांतील १९९०, १९९८ आणि २००२ ची मुले ताडून पाहिली. १९९० मध्ये लाजऱ्या मुलांना मित्र होते, वर्गात मान होता. १९९८ मध्ये चित्र संमिश्र झाले. २००२ मध्ये तशाच मुलांना सवंगडी दूर लोटीत होते, आणि ती मनाने खचलेली आढळली.

बारा वर्षांत रक्त पालटत नाही. पालटला होता कामधंदा. पूर्वी सरकारी कारखान्यातली नोकरी जन्माची असे. तिला लोक ‘लोखंडी भातवाडगा’ म्हणत. १९७८ मध्ये आर्थिक सुधारणा सुरू झाल्या, आणि शतक संपता संपता लक्षावधी कामगारांच्या हातून तो वाडगा गेला. नव्या बाजारात स्वतःला पुढे रेटणाऱ्याची किंमत वाढली आणि ती शाळेच्या बाकापर्यंत पोचली, असा अर्थ संशोधकांनी लावला. तो आम्हांस पटतो. २००९ च्या एका अभ्यासात तर, खेड्यांतून शहरात आलेल्या मजुरांच्या मुलांत लाजाळूपणाला अजून मान दिसला; शहरी मुलांत तो उरला नव्हता.

काही मुले उपजतच बुजरी असतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण बुजरेपणा गुण की दोष, हे पाळण्यात ठरत नाही. आमच्या युनियनमध्ये सभा गाजविणारे पुष्कळ झाले. वर्गणीची वही मात्र वर्षानुवर्षे चोख ठेवली ती चारचौघांत तोंड न उघडणाऱ्यांनी. बाजाराने माप बदलले म्हणून अशा मुलाला आपण घरात उणे का मानावे?