सीमा आणि सनद : बीडच्या जमिनीच्या व्यवहाराची कथा

बीड जिल्ह्यांतील आष्टीहून जामखेडास जाणारा मनुष्य आज एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत जातो, एवढेंच. १९४८ पूर्वीं तोच मनुष्य एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जात असे. आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती, जामखेड मुंबई इलाख्यांतील अहमदनगर जिल्ह्यांत. बोली एक, सोयरीकही दोन्हीकडे. परंतु जमिनीचा व्यवहार निघाला कीं, अलीकडचा कागद पलीकडे परका ठरे.

तो परकेपणा कागदाच्या पहिल्या ओळीपासूनच दिसे. संस्थानच्या कचेरींत उर्दू चाले आणि साल फसली लिहिलें जाई. दक्षिणेंतील फसली सालांत ५९० मिळविले म्हणजे सुमारें इसवी सन निघतो. हैदराबादचा जमीनमहसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ च्या सुमाराचा. रुपयाही दोन तऱ्हेचा. संस्थानचा हाली, इंग्रजांचा कलदार. सात हालींस सुमारें सहा कलदार असा भाव. सीमेवर सौदा जुळविणाऱ्या दलालास किंमत बोलण्यापूर्वीं रुपया कोणता, हें विचारणें भाग होतें. सातांत एकाचा फरक म्हणजे गरीब कुणब्याच्या घरीं एक बैल कमी होण्यासारखा.

खरी अडचण तंटा उपस्थित झाल्यावर कळे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९०८ च्या दिवाणी संहितेप्रमाणें हैदराबादचें न्यायालय हें परकीय न्यायालय होतें, आणि जमिनीचा दावा जमीन जेथें असेल तेथेंच चालावयाचा. वडिलांमागें दोन भाऊ वाटणीस बसले आणि वडिलार्जित शेत सीमेच्या दोहों बाजूंस असलें, तर एकाच कुटुंबाला दोन राज्यांच्या न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागत. त्यांतला एखादा भाऊ कज्ज्याला कंटाळून आपला वांटा सोडून देई, यांत नवल कसलें?

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाच्या सैन्यानें शरणागति पत्करली. १ एप्रिल १९५१ पासून दिवाणी संहिता या मुलखासही लागू झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. सीमा एका रात्रींत सरकली. कायदे मात्र आपल्या जागीं बसून राहिले. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यानेंच तशी तरतूद केली होती कीं, जुना कायदा नव्या राज्यानें बदलीपर्यंत त्याच मुलखांत चालू राहावा. म्हणून हैदराबादचा १९५० चा कुळकायदा मराठवाड्यांत राहिला, आणि महसुलाचा एकच कायदा साऱ्या महाराष्ट्रास लागू होण्यास १५ ऑगस्ट १९६७ उजाडावा लागला. जुन्या दप्तरांतील उर्दू आणि मोडी कागद वाचून देणाऱ्याचा शोध बीडकरांस अजूनही घ्यावा लागतो.

आतां दलालाची गोष्ट. संसदेनें २०१६ सालीं स्थावर मालमत्तेचा जो कायदा केला, त्याप्रमाणें नोंदलेल्या गृहप्रकल्पांतील घर अगर भूखंड विकून देणाऱ्या एजंटास प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. न केल्यास रोज दहा हजार रुपये, याप्रमाणें मालमत्तेच्या किमतीच्या शेंकडा पांचपर्यंत दंड. महाराष्ट्रांत ही नोंदणी पांच वर्षांची असते, आणि २०२३ पासून त्यापूर्वीं परीक्षाही द्यावी लागते. कायदा साऱ्या देशाचा, पण नोंदणी एका राज्यापुरती! बीडचा एजंट त्याच क्रमांकावर पुण्यास, मुंबईस अगर नागपुरास घर विकून देऊं शकतो. हैदराबादेस मात्र तेलंगणाच्या प्राधिकरणाकडे नव्यानें अर्ज केल्यावांचून नाहीं. त्याच्या आजोबाच्या वेळीं हैदराबाद आपली राजधानी होती आणि पुणें परमुलूख. आजोबाच्या काळची सारी दिशाच उलटली!

वकिलाची गोष्ट निराळी. १५ जून २०११ पासून एका राज्याची सनद घेतलेला वकील देशांतील कोणत्याही न्यायालयांत उभा राहूं शकतो. इस्टेट एजंटास ती मुभा नाहीं, याचें कारण जमीन जागची हलत नाहीं हें असावें. राज्यघटनेंत जमीन हा राज्यांचा विषय आहे; सातबारा महाराष्ट्राचा, तेलंगणाचें दप्तर निराळें. अमेरिकेंतही असेंच आहे. कॅलिफोर्नियानें १९१९ पासून दलालांस परवाना घेण्याची सक्ति केली आणि पुढें प्रत्येक राज्यानें आपापला परवाना काढला. फरक इतकाच कीं, तेथील कांहीं राज्यें परराज्याच्या दलालास स्थानिक दलालाच्या जोडीनें काम करूं देतात, तर कांहीं त्याच्या परीक्षेचा एक भाग माफ करतात. भारतीय कायद्यांत अशी सवलत नाहीं.

आष्टी-जामखेडच्या शिवारांतील साध्या शेतजमिनीचा सौदा मात्र या नोंदणीच्या कक्षेबाहेरच आहे. तेथें दलाल पूर्वींसारखाच ओळखीवर आणि शब्दावर चालतो. रुपया कोणता, एवढें तेवढें त्याला आतां विचारावें लागत नाहीं.