अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला बाहेरचा माईक कसा जोडायचा? व्हिडिओ झकास दिसतो, पण आवाजाचं काय?

घाटातल्या बाईक राईडचा व्हिडिओ असतो. धुकं, वळणं, हिरवेगार डोंगर, चित्र एकदम कडक. पण बोलणारा काय सांगतोय ते कळतच नाही, कारण कानावर फक्त घरघर आणि फडफड येते. आपण दोन-चार सेकंद वाट बघतो आणि पुढच्या रीलवर जातो.

चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, आवाज समजला नाही की थांबत नाहीत. त्यातून काही आवाज पुन्हा मिळत नाहीत. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असेल, पण गावच्या म्हाताऱ्या बाबांनी गडाच्या पायथ्याशी बसून सांगितलेली गोष्ट पुन्हा तशीच रेकॉर्ड होईल याची खात्री नाही.

यावर उपाय म्हणजे बाहेरचा माईक. पण तो फक्त विकत घेऊन काम होत नाही. आपल्या कॅमेऱ्याला कोणता माईक चालतो, तो कसा जोडायचा आणि कुठे लावायचा, ते समजून घेऊया.

कॅमेऱ्यातला माईक कमी का पडतो?

यामागे मुख्य कारणं तीन आहेत.

पहिलं कारण, कॅमेरा पाण्यापासून बंदिस्त असतो. गोप्रोचे कॅमेरे २०१६ च्या हिरो ५ ब्लॅकपासून वेगळ्या केसशिवाय १० मीटर खोल पाण्यात चालतात. त्यासाठी आतले छोटे माईक पाणी अडवणाऱ्या पडद्यामागे बसवावे लागतात.

दुसरं कारण अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. कॉलरला लावलेला माईक तोंडापासून २० सेंटीमीटरवर असतो. कॅमेरा २ मीटर लांब ठेवला तर अंतर दहापट होतं आणि आवाज २० डेसिबलने खाली येतो. ही घट भरून काढायला कॅमेरा आपोआप आवाज वाढवतो, पण त्याबरोबर आजूबाजूचा गोंगाटही वाढतो.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण वारा. माईकमध्ये एक पातळ पडदा असतो, तो हलला की आवाज नोंदला जातो. वारा त्या पडद्याला थेट धक्के देतो. म्हणजे ती घरघर बाहेर कुठे होतच नसते, ती माईकमध्येच तयार होते. एकदा ती आवाजावर बसली की एडिटिंगमध्ये पूर्ण निघत नाही.

म्हणून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. माईक महाग असण्यापेक्षा तो तोंडाच्या जवळ आणि वाऱ्याच्या आडोशाला असणं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी कॅमेरा तपासा, मग माईक घ्या

बरेच जण आधी माईक मागवतात आणि नंतर तो कॅमेऱ्याला लागतच नाही. त्यामुळे सुरुवात कॅमेऱ्यापासून करा.

गोप्रोच्या २०११ मधल्या एचडी हिरो २ ला थेट ३.५ मिमीची माईकची जागा होती. हिरो ३ आणि हिरो ४ मध्ये ती गेली आणि मिनी यूएसबीला अ‍ॅडॅप्टर लावावा लागू लागला. हिरो ५ ब्लॅकपासून यूएसबी-सी आलं. त्यासाठी कंपनीचा वेगळा ३.५ मिमी माईक अ‍ॅडॅप्टर मिळतो. मोबाईलच्या हेडफोनसाठी दुकानात मिळणारा साधा यूएसबी-सी अ‍ॅडॅप्टर इथे बहुतेक वेळा चालत नाही.

हिरो ८ ब्लॅकपासून 'मीडिया मॉड' हा पर्यायही आला. ही कॅमेऱ्याभोवती बसणारी चौकट आहे. तिच्यात एक दिशादर्शी माईक, ३.५ मिमीची जागा आणि वर माईक किंवा लाईट अडकवायच्या खाचा असतात. मात्र मॉडेल बघूनच घ्या. हिरो ८ चं मॉड हिरो ९ ला बसत नाही.

डीजेआयच्या ऑस्मो अ‍ॅक्शन मालिकेतही यूएसबी-सीमधून अ‍ॅडॅप्टर लावता येतो. २०२४ मध्ये आलेला ऑस्मो अ‍ॅक्शन ५ प्रो तर डीजेआय माईक २ च्या ट्रान्समीटरशी रिसिव्हरशिवाय थेट जोडला जातो. गोप्रोने २०२३ च्या हिरो १२ ब्लॅकमध्ये ब्लूटूथ माईकची सोय दिली. ब्लूटूथ सोयीचं आहे, पण त्यातून येणारा आवाज बहुतेक वेळा फोन कॉलसारखा चपटा वाटतो.

इन्स्टा३६० साठी मॉडेलनुसार वेगवेगळे अ‍ॅडॅप्टर असतात. काही स्वस्त कॅमेऱ्यांच्या बॉक्समध्येच तारेचा माईक येतो, तर काही कॅमेऱ्यांना बाहेरचा माईक चालतच नाही. घेण्याआधी आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत 'एक्स्टर्नल माईक' असा उल्लेख आहे का ते बघा.

तीन पट्ट्या की दोन?

माईकच्या ३.५ मिमी पिनवर काळ्या पट्ट्या असतात, त्या मोजा. दोन पट्ट्या असतील तर ती कॅमेऱ्याची पिन, तिला टीआरएस म्हणतात. तीन पट्ट्या असतील तर ती मोबाईलची पिन, म्हणजे टीआरआरएस. दोन्ही पिना दिसायला सारख्या आणि एकमेकींच्या जागी सहज बसतात. पण मोबाईलची पिन कॅमेऱ्याच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये घातली की आवाज एक तर येतच नाही किंवा खूप बारीक येतो. अशा वेळी टीआरआरएसवरून टीआरएस करणारा छोटा जोड लागतो.

काही माईक दोन्हीकडे चालतात. बोया बीवाय-एम१ हा आपल्याकडे खूप वापरला जाणारा कॉलर माईक त्यातलाच. त्याच्या डबीवर एक बटण असतं. मोबाईलसाठी ते एका बाजूला, कॅमेऱ्यासाठी दुसऱ्या बाजूला सरकवायचं. कॅमेऱ्यावर असताना माईक आतल्या एलआर४४ या बटण सेलवर चालतो. शूटिंग संपल्यावर बटण पुन्हा मागे सरकवायला विसरलात तर सेल उतरतो आणि पुढच्या वेळी रेकॉर्डिंग मुकं निघतं.

कोणत्या कामाला कोणता माईक?

तारेचा कॉलर माईक: सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा. हेल्मेटमध्ये, मुलाखतीत किंवा एका जागी बसून बोलताना उत्तम. अडचण फक्त तारेची.

वायरलेस माईक: कॅमेरा लांब असेल किंवा फिरत बोलायचं असेल तर हा घ्या. यातले बरेच माईक वाय-फायच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात आणि या लहरी माणसाच्या शरीरात बऱ्याच शोषल्या जातात. छातीवर ट्रान्समीटर लावून कॅमेऱ्याकडे पाठ केली की आवाज तुटतो तो यामुळेच. रोडच्या वायरलेस गो २ सारख्या काही माईकमध्ये ट्रान्समीटरच्या आतही रेकॉर्डिंग होतं. मध्येच संपर्क तुटला तरी तो आवाज वाचतो.

कॅमेऱ्यावरचा शॉटगन माईक: समोरचा आवाज जास्त आणि बाजूचा कमी घेतो. हातात कॅमेरा धरून स्वतःकडे बघत बोलताना ठीक. पण लांब ठेवला तर अंतराचा नियम यालाही लागू होतो.

मोबाईलवर वेगळं रेकॉर्डिंग: कॉलर माईक मोबाईलला लावा, रेकॉर्डर सुरू करा आणि मोबाईल खिशात टाका. अ‍ॅडॅप्टरचा खर्च नाही, कोणत्याही कॅमेऱ्यासोबत चालतं आणि कॅमेरा उघडावाही लागत नाही. मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग थांबू नये म्हणून फ्लाईट मोड लावा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की झालं. रेकॉर्डिंग लांबलचक असेल तर शेवटीही एक टाळी वाजवा, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत आणि ओठ व आवाज हळूहळू मागेपुढे होतात.

माईक जोडला, आता सेटिंग

गोप्रोमध्ये 'ऑडिओ इनपुट' नावाचं सेटिंग असतं. त्यातले पर्याय असे:

१. स्टँडर्ड: साध्या किंवा स्वतःचा सेल असलेल्या माईकसाठी.
२. स्टँडर्ड प्लस: वरचाच पर्याय, पण २० डेसिबलने वाढवलेला. माईकचा आवाज फार बारीक येत असेल तेव्हाच.
३. पॉवर्ड: ज्या माईकला कॅमेऱ्याकडून थोडी वीज लागते त्यासाठी. सेल नसलेले बरेच कॉलर माईक असे असतात.
४. पॉवर्ड प्लस: तेच, वाढवलेल्या आवाजासह.
५. लाईन इन: मिक्सरमधून थेट आवाज घ्यायचा असेल तेव्हा. कीर्तन किंवा गॅदरिंगचं शूटिंग करताना साउंडवाल्याकडून तार मिळाली तर हा पर्याय निवडा.

आवाज अजिबात येत नसेल तर स्टँडर्डवरून पॉवर्डवर जाऊन बघा. आवाज फाटत असेल तर प्लस काढा. ढोल-ताशा पथकाजवळ प्लस लावून उभे राहिलात तर आवाज फाटणारच, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांना हेडफोन लावायची सोय नसते. त्यामुळे खरं शूटिंग करण्याआधी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, मोबाईलवर घ्या आणि इयरफोन लावून ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर वाऱ्याची खालची घरघर नीट कळत नाही, इयरफोनमध्ये लगेच कळते.

हेल्मेटमध्ये माईक कसा बसवायचा?

बाईकवर बोलायचं असेल तर पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट हाच सगळ्यात चांगला आडोसा.

१. माईकवर स्पंजची टोपी चढवा.
२. तो हनुवटीच्या भागात आतून, ओठांच्या थोडा बाजूला बसवा. अगदी समोर ठेवला तर श्वासाचे आणि 'प', 'फ', 'भ' या अक्षरांचे फटके ऐकू येतात.
३. तार गालाच्या गादीखालून नेऊन मागून किंवा खालून बाहेर काढा. मान वळवायला थोडी सैल ठेवा, लोंबकळू देऊ नका.
४. हेल्मेटला भोक पाडू नका, आतलं थर्माकोल कापू नका. अपघातात डोकं वाचवणारा भाग तोच असतो.
५. कॅमेरा हेल्मेटवरच लावा आणि माईकची तार त्यालाच जोडा. तार बाईकला बांधली आणि तुम्ही पडलात, तर ती हेल्मेट ओढेल.
६. मोकळ्या रस्त्यावर वेगवेगळ्या वेगाला चाचणी घ्या. बाईक थांबवून ऐका, चालवताना नाही.

हाफ हेल्मेटमध्ये आडोसाच नसतो. तिथे प्रवासाचं फक्त चित्र घ्या आणि बोलणं नंतर थांबून रेकॉर्ड करा.

गडावर किंवा समुद्रकिनारी उघड्यावर बोलत असाल तर साध्या स्पंजने भागत नाही. तिथे माईकवर केसाळ टोपी चढवा. तिचे केस वाऱ्याचा जोर पडद्यापर्यंत पोचण्याआधीच मोडतात. टोपी नसेल तर वाऱ्याकडे पाठ करा आणि माईक शर्टाच्या आतल्या बाजूला लावा. कपड्याची थोडी सळसळ येईल, पण शब्द वाचतील.

पावसाळ्यात ही चूक महागात पडते

अ‍ॅडॅप्टर लावण्यासाठी कॅमेऱ्याच्या बाजूचं झाकण उघडावं किंवा काढावं लागतं. ज्या क्षणी ते उघडतं, त्या क्षणी तुमचा कॅमेरा वॉटरप्रूफ राहत नाही. १० मीटरचा दावा फक्त बंद झाकणासाठी असतो. सह्याद्रीतल्या पावसात, धबधब्याखाली किंवा कोकणात बोटीवर तारेचा माईक लावलेला कॅमेरा नेणं म्हणजे कॅमेऱ्यावर पाणी सोडणं. अशा ठिकाणी झाकण बंद ठेवा आणि आवाज वॉटरप्रूफ पाऊचमधल्या मोबाईलवर वेगळा रेकॉर्ड करा, किंवा कॅमेऱ्याशी बिनतारी जोडला जाणारा माईक वापरा. मात्र तो माईकही पाण्यापासून जपावा लागतो.

आणखी एक गोष्ट. माईकने यूएसबीची जागा अडवली की चार्जिंग कुठून करणार? गोप्रोच्या अ‍ॅडॅप्टरवर आणि मीडिया मॉडवर चार्जिंगसाठी वेगळी जागा असते, पण सगळ्याच अ‍ॅडॅप्टरवर नसते. नसेल तर जादा बॅटरी सोबत ठेवा.

थोडक्यात काय करायचं?

• नुकतीच सुरुवात करत असाल: हजार रुपयांच्या आसपासचा कॉलर माईक आणि खिशातला मोबाईल.
• बाईकवर बोलायचं असेल: तारेचा कॉलर माईक, कॅमेऱ्याचा योग्य अ‍ॅडॅप्टर आणि पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट.
• फिरत बोलायचं असेल किंवा दुसऱ्याची मुलाखत घ्यायची असेल: वायरलेस माईक, शक्यतो आत रेकॉर्डिंग करणारा.
• पाण्यापावसात: कॅमेऱ्याचं झाकण बंद, आवाज वेगळा.

महागडा माईक दोन मीटर लांब, वाऱ्यात ठेवला तर तो स्वस्त माईकसारखाच घरघरतो. आणि साधा माईक तोंडाजवळ, आडोशाला लावला तर ऐकणाऱ्याला तो साधा आहे हे कळतही नाही. म्हणून पुढच्या वेळी रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी दोनच गोष्टी बघा: माईक तोंडापासून किती लांब आहे आणि वारा कुठून येतोय.