रंगांधळ्या वाचकालाही नीट वाचता येईल अशी वेबसाइट कशी बनवायची?

ऑनलाइन फॉर्ममध्ये एखादा रकाना चुकला की त्याची चौकट लाल होते, बरोबर असेल तर हिरवी. पण ज्याला हे दोन्ही रंग जवळपास सारखेच दिसतात, त्याने काय करायचं? फॉर्म सबमिट होत नाही, चूक कुठे आहे ते कळत नाही आणि शेवटची तारीख निघून जाते. म्हणून आज मी हा विषय घेतलाय.

रंगांधळेपणा म्हणजे काय?
बहुतेक रंगांधळ्यांना सगळं काळं-पांढरं दिसत नाही. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यातल्या एका प्रकारात दोष असला की लाल, हिरवा, तपकिरी यांत गोंधळ होतो. हा दोष एक्स गुणसूत्रातून येतो, त्यामुळे पुरुषांत जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १२ पुरुषांमागे १ आणि २०० स्त्रियांमागे १ असं प्रमाण आहे. फेसबुकचा मार्क झुकेरबर्गही लाल-हिरव्याबाबत रंगांधळा आहे. निळा रंग आपल्याला सगळ्यात चांगला दिसतो, असं त्याने २०१० मध्ये सांगितलं होतं.

डिझाइन करताना काय पाळायचं?
१. फक्त रंगावर विसंबू नका. लाल चौकटीसोबत खूण द्या आणि 'पिनकोड ६ अंकी हवा' असं स्पष्ट लिहा.
२. मजकुरातल्या लिंकखाली रेघ ठेवा.
३. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा कॉन्ट्रास्ट हवा. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांना ३:१. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१. पांढऱ्यावर भडक लाल मात्र जेमतेम ४:१, म्हणजे बारीक अक्षरांसाठी नापास!
४. आलेखात रंगांची सूची बाजूला देण्यापेक्षा प्रत्येक रेषेजवळच तिचं नाव लिहा. लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी ही जोडी वापरा.

तपासायचं कसं?
सोपी युक्ती सांगतो. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ आणि तिथल्या कलर फिल्टर्समध्ये ग्रेस्केल निवडा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय कलर करेक्शनमध्ये मिळते. आता तुमची साइट उघडा. रंग नसतानाही चूक कुठे आणि बटण कुठलं हे समजलं, तर पहिली परीक्षा पास. कॉम्प्युटर असेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या रेंडरिंग टॅबमध्ये रंगांधळेपणाचे वेगवेगळे प्रकार लावून पाहता येतात.

यातलं काहीच खर्चिक नाही. आणि भर उन्हात मोबाइल बघणाऱ्या प्रत्येकालाच चांगल्या कॉन्ट्रास्टचा फायदा होतो.